उपाशी ठेवू नका
फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा, पाळीव मांसाहारी प्राणी) सुक्या खाद्याऐवजी मांस खात नसला, की ‘भूक लागली की झक मारत खाईल’ असं कुणी सांगतं. हा सल्ला कुत्र्याला चालेल एक वेळ, फेरेटला नाही. त्याच्या पोटातून अन्न ३-४ तासांत बाहेर पडतं. उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर उतरते, म्हाताऱ्याला तर जास्तच धोका. शिवाय पहिल्या ६ महिन्यांत जे चाखलं, तेच त्याला खाणं वाटतं. आमच्या बंड्याने चिकनचा खिमा चक्क पुरायला घेतला होता! मग सुकं खाद्य कोमट पाण्यात भिजवून त्यात चमचाभर खिमा कालवला, बोटाने ओठाला लावला. ५ आठवडे गेले. आता कोंबडीचं हृदय दिसलं की पळवतो आणि सोफ्यामागे लपवतो. रोज रात्री टॉर्च घेऊन शोधायचं. हाडं कच्चीच द्या, शिजवलेली फुटून टोचतात.