मुलांच्या दुर्मीळ वाहिनी-विकृती: रक्तात खूण शोधायची कशाला?

पाणकोंबडी
माझं मत आधीच सांगते: रक्ताच्या किंवा लसिकेच्या वाहिन्या बिघडलेल्या या मुलांच्या रक्तात आजाराचा पत्ता देणारी खूण शोधायलाच हवी. कापोसिफॉर्म लिम्फँजिओमॅटोसिस, म्हणजे केएलए, हा लसिकावाहिन्यांचा (ऊतींत पाझरलेलं द्रव परत रक्तात नेणाऱ्या नळ्यांचा) आजार घ्या. छातीत पाणी साचतं, रक्तस्राव होतो, पण सुरुवातीला हा आजार साध्या लसिका-विकृतीसारखाच वाटतो. खात्री करायची तर बायोप्सी. आणि बरगडीचा तुकडा काढला की कधीकधी छातीत पाणी झिरपायला लागतं, ते थांबता थांबत नाही. एमआरआयसाठी लहानग्याला भूल द्यावी लागते ती वेगळीच. २०१७च्या एका अभ्यासात केएलएच्या मुलांच्या रक्तात अँजिओपोएटिन-२ हे वाहिन्यांच्या वाढीशी निगडित प्रथिन खूप वाढलेलं दिसलं, आणि सिरोलिमस हे औषध सुरू केल्यावर ते उतरलं. एवढं हाती असताना हात आखडता का घ्यायचा?

मोजपट्टी
कारण तेच प्रथिन सेप्सिसमध्येही, म्हणजे अंगभर भिनलेल्या जंतुसंसर्गातही, वाढतं! छातीत नळी घातलेल्या मुलाला जंतुसंसर्ग झाला, आकडा चढला, तर आजार वाढला म्हणायचं की संसर्ग झाला? शिवाय कापोसिफॉर्म हिमँजिओएंडोथेलिओमा या वाहिन्यांच्या गाठीतही ते वाढलेलं असतं. मूठभर मुलं घ्यायची, एकदम शेकडो प्रथिनं मोजायची, मग त्यातली दोन-चार निव्वळ योगायोगानं वर दिसणारच. त्याला शोध म्हणायचं का? बाळांचं तर नॉर्मलच महिन्यागणिक बदलतं. दोन महिन्यांच्या बाळाची तुलना सहा वर्षांच्या निरोगी मुलाशी केली, तर फरक वयाचाच निघेल.

आडवाट
डी-डायमर विसरलात दोघंही, रक्ताची गुठळी विरघळताना सुटणारा तुकडा. मोठ्या शिरांच्या विकृतीत रक्त तुंबतं, आतल्या आत गोठतं नि विरघळतं, म्हणून डी-डायमर चढतं. निव्वळ लसिका-विकृतीत ते सहसा नॉर्मल असतं. साधी, जुनी चाचणी. नवं काही शोधण्याआधी ही तरी वेळेवर करा.

पाणकोंबडी
करतातच की. पण डी-डायमरनं केएलए ओळखता येत नाही. तिथंही ते वाढलेलंच असतं. आणि मोजपट्टी, तुमचा सेप्सिसचा मुद्दा निदानाच्या बाबतीत मान्य. पण मला खूण हवी आहे ती मुख्यतः पाठपुराव्यासाठी. त्याच मुलाचा आजचा आकडा त्याच्याच तीन महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी ताडायचा. ताप असेल त्या दिवशी रक्त घ्यायचं नाही, एवढं तर पाळता येईल!

मोजपट्टी
घेतलं तरी कुठल्या नळीत? माझी खरी तक्रार तीच आहे. व्हीईजीएफ हे वाहिन्या वाढवणारं प्रथिन सीरममध्ये (रक्त गोठू दिल्यावर उरणाऱ्या द्रवात) मोजलं तर रक्त गोठताना प्लेटलेट्समधून बाहेर पडलेलंही त्यात येतं. आता ज्या आजारात प्लेटलेट्सच घसरतात, तिथं कमी आकड्याचा अर्थ काय लावायचा? एका केंद्रानं सीरम वापरलं, दुसऱ्यानं प्लाझ्मा (न गोठू दिलेल्या रक्तातलं द्रव), तर ते आकडे एका तक्त्यात मांडणं म्हणजे शेर आणि लिटर यांची बेरीज.

आडवाट
जनुकीय खुणा?

मोजपट्टी
त्यावर माझा थोडा विश्वास आहे. अनेक वाहिनी-विकृतींत सापडणारा पीआयके३सीए या जनुकातला बदल बहुधा फक्त बिघडलेल्या ऊतीत असतो. नेहमीसारखा रक्तपेशींतून डीएनए काढला तर सापडत नाही. त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट कोरा आला म्हणून आजार नाही असं होत नाही. उलट केएलएमधला एनआरएएस या जनुकाचा बदल छातीतल्या पाण्यात तरंगणाऱ्या डीएनएत मिळालेला आहे. पाणी काढायचंच असतं, मग फेकता कशाला, तपासा.

पाणकोंबडी
म्हणजे शोधायला तुमची हरकत नाही, रक्तात शोधायला आहे.

मोजपट्टी
रक्तातही शोधा. फक्त आकड्याशेजारी मुलाचं वय, त्या दिवशीचा ताप आणि नळीचा प्रकार लिहा.

पाणकोंबडी
लिहू. पण प्रत्येक वयाची पुरेशी मुलं मिळेपर्यंत थांबायचं म्हणाल तर ते नाही जमणार.