लॉगिन नेमकं कुठे अडतं? ऑनलाइन स्ट्रॅटेजी गेमवाल्या नागपूरकरांचा अनुभव धागा

गढीवाली (धरमपेठ)

‘लॉगिन होऊन नाही राहिलं’ एवढंच कोणी ग्रुपवर टाकलं की दहा जण दहा उपाय सांगतात आणि त्यातल्या एखाद्या उपायात गेमच उडतो. म्हणून हा धागा. एज ऑफ एम्पायर्स, क्लॅश ऑफ क्लॅन्स, स्टीमवरचं (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) काहीही चालेल. कोणता मेसेज आला, कुठल्या पायरीवर अडलं, काय केल्यावर सुटलं आणि काऊन सुटलं, ते लिहा. रामकहाणी नको.

सुरुवात माझ्याकडून. पासवर्ड टाकायच्या आधीच गोल फिरत राहिला तर नेट, डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी सेवा) किंवा सर्व्हर. पासवर्ड घेतला पण कोड नाकारला तर घड्याळ किंवा ओटीपी. मेनू आला पण मल्टिप्लेअरचं बटण दबत नाही, तर खात्याच्या परवानग्या. लॉबीत (मॅचआधी खेळाडू जमतात तिथं) शिरता येतं आणि मॅच सुरू होताना बाहेर फेकतं, तर एनएटी पाहा, म्हणजे घरातली सगळी उपकरणं बाहेरच्या एकाच पत्त्यावर चालवायची राऊटरची पद्धत. काहीही करायच्या आधी एकदा मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा. त्यावर चाललं तर खातं शाबूत आहे, दोष घरच्या जोडणीत. त्यावरही नाही चाललं तर राऊटरला हात लावू नका, तो बिचारा निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त.

सेलवाला_सक्करदरा

जुना डेस्कटॉप असेल तर पहिला संशय घड्याळावर. लाइट गेली, पीसी बंद झाला, पुन्हा चालू केला तर तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षातली. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की असं होतं. लॉगिन सर्व्हर आपलं प्रमाणपत्र पाठवतो, त्यावर वैधतेच्या दोन तारखा असतात. पीसीच्या हिशेबानं आजचा दिवस त्या दोन तारखांमध्ये बसत नाही, म्हणून जोडणी तिथंच तुटते. स्क्रीनवर मात्र ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ असं येतं आणि माणूस नेटवाल्याला फोन लावत बसतो.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, डेट अँड टाइम. तिथं ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ चालू करा आणि ‘सिंक नाऊ’ दाबा. टाइम झोन ‘यूटीसी +०५:३०, चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ हाच पाहिजे. झोन चुकीचा ठेवून काटे हातानं जुळवले तर कोपऱ्यातली वेळ बरोबर दिसते, आतली खरी वेळ काही तासांनी चुकलेलीच राहते. ही चूक सहजी सापडत नाही.

सेल बदलायचा तर आधी बायोसच्या (विंडोजच्या आधी उघडणारी पीसीची मूळ सेटिंग्ज) पानांचे फोटो काढून ठेवा, कारण सेल काढल्यावर तिथल्या सेटिंग्ज मूळपदावर जाऊ शकतात. पिन भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लसची खूण वर ठेवून नवा सेल बसवा, बायोसमध्ये तारीख टाका, सेव्ह करा. चांगला सेल मल्टीमीटरवर ३ व्होल्टच्या आसपास दाखवतो. बर्डीत कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळतो, पीसीच्या दुकानातच पाहिजे असं काही नाही.

दोनपायरी

वरच्याच मुद्द्याला धरून. ऑथेंटिकेटर ॲपचा ६ अंकी कोड साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतो आणि तो फोनच्या घड्याळावरूनच निघतो, नेटवरून येत नाही. फोन दोन-चार मिनिटं पुढेमागे असेल तर पासवर्ड बरोबर असूनही कोड चुकीचा ठरतो. फोनची वेळ नेटवर्कवर सोडा. कोड टाकताना शेवटचे दोन-तीन सेकंद उरले असतील तर पुढच्या कोडची वाट पाहा.

स्टीम गार्डचा (स्टीमची दुसऱ्या पायरीची तपासणी) कोड ५ अक्षरी असतो, त्यात अक्षरं आणि अंक दोन्ही येतात. जुना फोन विकायच्या आधी ऑथेंटिकेटर नव्या फोनवर हलवून घ्या. आणि रिकव्हरी कोड कागदावर लिहून ठेवा. स्टीमचा ‘आर’ अक्षरानं सुरू होतो, पुढे अंक. त्याच फोनच्या गॅलरीत स्क्रीनशॉट ठेवला तर फोनसोबत तोही जातो.

इतवारीचा_राजा

ओटीपी एसएमएसनं येणार असेल तर एक लक्षात ठेवा. सिम बदललं किंवा अपग्रेड केलं की नियमानुसार पहिले २४ तास एसएमएस येणं-जाणं बंद असतं. त्या काळात ‘रीसेंड’ कितीही दाबा, काही येणार नाही. उलट जास्त वेळा मागितल्यामुळे खातं तात्पुरतं कुलूपबंद होतं. जुना, बंद पडलेला नंबर खात्याला चिकटलेला असेल तर तो आजच बदला. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणालाही मिळू शकतो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातात.

तटबंदी_महाल

एज ऑफ एम्पायर्स २ च्या डेफिनिटिव्ह एडिशनबद्दल (२०१९ ची, जुनी १९९९ ची नाही). स्टीमवर घेतली तरी मल्टिप्लेअरसाठी मायक्रोसॉफ्टचं खातं आणि एक्सबॉक्स प्रोफाइल लागतं. खरा घोळ इथंच होतो. विंडोजमध्ये कॉलेजचं किंवा ऑफिसचं खातं, स्टोअरमध्ये घरचं, एक्सबॉक्स ॲपमध्ये भावाचं. गेमनं कोणतं उचलायचं? साइन-इनची पांढरी खिडकी क्षणभर येते आणि जाते, ती याचमुळे.

क्रम असा. गेम आणि एक्सबॉक्स ॲप दोन्ही बंद. स्टोअर आणि एक्सबॉक्स ॲप, दोन्हीकडून साइन आउट. मग कंट्रोल पॅनल, युजर अकाउंट्स, क्रेडेन्शियल मॅनेजर, विंडोज क्रेडेन्शियल्स. तिथं जेनेरिक यादीत ‘एक्सबीएल’नं सुरू होणाऱ्या नोंदी दिसतील, फक्त तेवढ्या काढा. बाकीच्या नोंदींत ऑफिसचे पासवर्ड असतात, त्यांना हात लावायचा नाही. पीसी रीस्टार्ट. आता आधी एक्सबॉक्स ॲपमध्ये एकाच खात्यानं साइन इन, आपलं नाव दिसल्यावर मगच गेम. तरीही अडलं तर सेटिंग्ज, ॲप्स, ‘गेमिंग सर्व्हिसेस’, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. आधी ‘रिपेअर’, त्यानं नाही झालं तर ‘रीसेट’.

साइन इन झालं पण मल्टिप्लेअरला परवानगी नाही असं येत असेल, तर ते खातं लहान मुलाचं म्हणून नोंदलेलं असू शकतं. जन्मतारखेनं वय १८ च्या खाली असेल आणि खातं फॅमिली ग्रुपमध्ये असेल तर पालकाच्या खात्यातून एक्सबॉक्सच्या प्रायव्हसी पानावर मल्टिप्लेअरला मुभा द्यावी लागते. मुलाच्या पीसीवर किती खटपट केली तरी ते होत नाही.

गढीवाली (धरमपेठ)

@तटबंदी_महाल दादा, पीसी वेगवान करतो म्हणणाऱ्या ‘ऑप्टिमायझर’ सॉफ्टवेअरबद्दलही लिहा ना.

तटबंदी_महाल

हो ताई, ते राहिलंच. ती सॉफ्टवेअरं ‘फालतू’ म्हणून एक्सबॉक्स लाइव्ह ऑथ मॅनेजर आणि आयपी हेल्पर या सेवा बंद करून ठेवतात. पहिलीशिवाय साइन इन होत नाही, दुसरीशिवाय टेरेडो (मल्टिप्लेअरमध्ये पीसी एकमेकांना जोडणारी विंडोजची सोय) चालत नाही. सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन आयपी हेल्पर ‘ऑटोमॅटिक’ आणि ऑथ मॅनेजर ‘मॅन्युअल’ ठेवा. ऑथ मॅनेजर लागेल तेव्हा आपोआप सुरू होतो.

वायरमन_मानेवाडा

नेटच्या बाजूनं तीन गोष्टी.

पहिली, दोन राऊटर. कंपनीच्या फायबर डब्याला आपला दुसरा राऊटर लावला की एनएटी दुप्पट होतं. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राऊटरला बाहेरून मिळालेला पत्ता) बघा. तो १९२.१६८ किंवा १० नं सुरू होत असेल तर वर आणखी एक राऊटर बसला आहे. आपला राऊटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाका, काम झालं.

दुसरी, वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे पुष्कळ ग्राहक एकाच बाहेरच्या पत्त्यावर. झिरो ए. डी. या स्ट्रॅटेजी गेममध्ये स्वतः होस्ट करायचं (मॅच आपल्या पीसीवरून चालवायची) तर यूडीपी २०५९५ पोर्ट उघडा असं सगळे सांगतात, पण सीजीनॅटमागे पोर्ट फॉरवर्ड करून काही फायदा नाही, दार कंपनीकडे आहे. पब्लिक आयपी मागा, त्याचे बहुधा वेगळे पैसे पडतात. याच कारणानं कधी कधी तुम्ही एकदाच पासवर्ड टाकता आणि ‘फार वेळा प्रयत्न झाले’ असा मेसेज येतो. ते प्रयत्न त्याच पत्त्यावरच्या दुसऱ्या कोणाचे असू शकतात. तासभर थांबा किंवा हॉटस्पॉटवरून लॉगिन करा.

तिसरी, एमटीयू, म्हणजे डेटाचं एक पाकीट जास्तीत जास्त किती बाइटचं असू शकतं ती मर्यादा. ही फार कोणी पाहत नाही. लक्षण: व्हॉट्सॲप चालतं, साध्या साइट उघडतात, पण लॉगिन दाबलं की पान अर्धवट येऊन लटकतं. पीपीपीओई जोडणीत (राऊटर यूजरनेम-पासवर्ड देऊन कंपनीशी जोडला जातो ती) १५०० मधले ८ बाइट तिच्या स्वतःच्या हेडरला जातात, उरतात १४९२. राऊटरवर १५०० असेल आणि मधलं कोणी ‘पाकीट मोठं आहे’ हा निरोप परत पाठवत नसेल तर मोठी पाकिटं गुपचूप गळतात, आणि लॉगिनच्या वेळचं प्रमाणपत्र मोठ्या पाकिटांतूनच येतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग -एफ -एल १४६४ ८.८.८.८’ चालवा (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत). उत्तर आलं तर १४६४ अधिक २८, म्हणजे १४९२ बरोबर. पाकीट तोडावं लागेल असा मेसेज आला तर १० नं कमी करत जा, जिथं उत्तर येईल त्यात २८ मिळवा आणि तो आकडा राऊटरच्या वॅन पानावर टाका.

कूलरसमोर

नागपुरात एप्रिल-मे मध्ये वेगळंच कारण असतं, बाप्पा. राऊटर आणि कूलर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर. कूलरची मोटर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढते, बोर्ड हलका असेल तर व्होल्टेज पडतं आणि फायबरचा डबा रीस्टार्ट होतो. पंखा तर चालूच असतो, म्हणून कोणाला कळत नाही. डबा उठला की पीपीपीओई पुन्हा जोडलं जातं, बाहेरचा आयपी बदलू शकतो, आणि काही गेम जुनं सेशन रद्द करून पुन्हा लॉगिन मागतात. ‘दर दहा-पंधरा मिनिटांनी लॉगआउट’ ही तक्रार दुपारी जास्त आणि पहाटे नाही, असं असेल तर आधी बोर्ड बदला.

डब्यावर ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर पाहिजे. ‘लॉस’चा लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच येऊन नाही राहिला, केबल कुठे मुडपली का बघा, लॉगिनशी त्याचा काही संबंध नाही. आणि बहुतेक घरगुती राऊटरच्या माहितीपत्रकावर चालण्याचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. टिनाच्या छताखाली, माळ्यावर, बंद कपाटात ठेवला तर मे महिन्यात तो त्याच्या पुढे सहज जातो. भिंतीवर मोकळ्या हवेत लावा. कूलरच्या झोतात मात्र नको, ओलावा आत जातो.

टाउनहॉल_त्रिमूर्तीनगर

मोबाइलवाल्यांसाठी. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये सुपरसेल आयडीला (गेमच्या कंपनीचं खातं) पासवर्डच नसतो, ईमेलवर ६ अंकी कोड येतो. कोड येत नसेल तर स्पॅम आणि प्रमोशन्स बघा, आणि पत्त्याचं स्पेलिंग नीट वाचा. ‘जीमेल’मधलं एक अक्षर गळलं की कोड कुठे तरी भलतीकडे जातो.

सगळ्यात महागात पडणारी चूक: ‘क्लिअर कॅश’च्या ऐवजी ‘क्लिअर डेटा’. कॅश काढली तर काही जात नाही. खातं कशालाही न जोडता पाहुणा म्हणून खेळत असाल तर तुमची ओळख त्या डेटामध्येच असते. डेटा काढला की गेममधलं गाव गेलं. मग उरतो सपोर्टचा रस्ता. कधी काही विकत घेतलं असेल तर गूगल प्लेच्या पावतीवरचा ‘जीपीए’नं सुरू होणारा ऑर्डर क्रमांक शोधून ठेवा. खातं आपलंच आहे हे पटवायला तो फार कामी येतो.

प्रश्नवाला_जरीपटका

भाऊ, मला पासवर्डच्या आधीच अडतं. पीसीवर त्याच वायफायवर गेम चालतो, फोनवर वायफायवरही नाही आणि डेटावरही नाही. काऊन?

वायरमन_मानेवाडा

मग नेट नाही, फोनच. सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली ‘प्रायव्हेट डीएनएस’ बघ. जाहिराती अडवायला तिथं कोणाचा तरी पत्ता टाकलेला असेल. तो वायफाय आणि डेटा दोन्हीला लागू होतो, आणि जाहिरातींसोबत लॉगिनचा पत्ताही गाळतो. ‘ऑटोमॅटिक’ कर.

प्रश्नवाला_जरीपटका

झालं! धन्यवाद.

जुनी_मशीन

काही ठिकाणी उपायच नाही, हेही लिहून ठेवतो. स्टीमनं १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ चा आधार काढला. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनमध्ये काही नवी मूळ प्रमाणपत्रं नाहीत, त्यामुळे सुरक्षित जोडणी नाकारली जाते आणि घड्याळ बरोबर असूनही तीच लक्षणं दिसतात. क्लॅश ऑफ किंग्ज भारत सरकारच्या चिनी ॲप्सवरच्या जून २०२० च्या बंदीच्या यादीत होता, राइज ऑफ किंगडम्स त्याच वर्षीच्या सप्टेंबरच्या यादीत.

व्हीपीएन लावा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. सकाळी नागपूर आणि दुपारी सिंगापूर दिसलं की खातं चोरीला गेलं असं समजून सर्व्हर कुलूप लावू शकतो.

गढीवाली (धरमपेठ)

एक भर. मंगळवारी रात्री उशिरा किंवा बुधवारी पहाटे स्टीम अचानक गेलं तर काही करू नका. त्यांची नेहमीची देखभाल अमेरिकेच्या मंगळवारी दुपारी असते, आपल्याकडे तेव्हा बुधवार लागलेला असतो. बहुतेक वेळा थोड्या वेळात आपोआप परत येतं. त्या वेळेत पासवर्ड बदलायला जाऊ नका, अर्धवट बदल झाला तर खरोखरच अडकाल.