कळांची नाही, एकटं पडायची भीती

"आजकालच्या मुलींना कळा सोसायच्या नाहीत म्हणून सिझर मागतात" असं सर्रास म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. मी स्वतः दुसऱ्या वेळेस सिझर मागितलं होतं आणि माझी पहिली नॉर्मलच झालेली. पहिल्या वेळी लेबर रूममध्ये मी एकटी, आई बाहेर बाकावर, पडद्यापलीकडची बाई ओरडतेय आणि दर थोड्या वेळाने कोणीतरी येऊन न बोलता तपासून जातंय, कळा नंतर विसरले पण तो हिरवा पडदा अजून डोळ्यासमोर येतो. (त्यात डोहाळजेवणाला मावशीने कोणाला किती टाके पडले ते रंगवून सांगितलेलं, ते वेगळंच.)

बाळंतपणाच्या या टोकाच्या भीतीला टोकोफोबिया म्हणतात, आणि आधीच्या वाईट अनुभवातूनही ती बसते. दुसऱ्या वेळच्या डॉक्टरबाईंनी सिझरला नाही म्हटलं नाही, फक्त विचारलं "तुला नक्की कशाची भीती वाटते?" मग आईला आत येऊ दिलं, ती कंबर चोळत बसली, मी सिझरचा विषय परत काढलाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींमध्येही बाईच्या पसंतीचं माणूस सोबत असावं असं आहे. तुमच्या हॉस्पिटलात आत येऊ देतात का, सातव्या महिन्यातच विचारून ठेवा.