मुलाचा ताबा आणि पोटगी : हुकूमनामा बदलून घ्यावा का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात परस्पर संमतीने घटस्फोट झाला. मुलगा आता नऊ वर्षांचा. संमतीच्या अटींनुसार ताबा आईकडे, दुसऱ्या-चौथ्या शनिवार-रविवारी आणि निम्म्या दिवाळी व मे महिन्याच्या सुट्टीत वडिलांकडे, शिवाय मुलासाठी महिना बारा हजार.

आता वडील म्हणतात, मूल एक आठवडा माझ्याकडे, एक तुझ्याकडे, म्हणजे पोटगीचा प्रश्नच नको. मुलाला बाबा हवाच आहे, त्यात वाद नाही. पण फी, रिक्षाकाका, क्लास, चष्मा सगळं हिच्याच खात्यातून जातं. सोमवारी पोरगा शाळेत जातो तेव्हा गणिताची वही नेमकी बाबांकडे राहिलेली असते, हे तर वेगळंच.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली ताबा आणि खर्चाचा आदेश नंतरही बदलून मिळतो, एवढं कळलंय. पोटगीबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं म्हणे, तेही बरंच.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: आठवडा-आठवडा ठरलं तर उत्पन्नाच्या प्रमाणात फीची वाटणी अटींत कशी लिहून घेतलीत? मध्यस्थीत बसावं की थेट अर्ज करावा? आणि न्यायाधीशांनी मुलाशी बोलणं केलं होतं का? त्याचीच धास्ती वाटते.

‘तडजोड कर गं’ एवढाच सल्ला असेल तर कृपया नको, तो घरी भरपूर मिळतो.