बाबांच्या एन९५ मास्कला व्हॉल्व्ह आहे, चालेल का?

ऐरोलीकर
मंडळी, एक विचारायचंय. बाबा साठीच्या पुढचे, कोरोना लशीचे दोन्ही डोस झालेत, ठाण्याला लोकलनेच जाणार म्हणतात, ऐकत नाहीत. स्टेशनबाहेरून व्हॉल्व्हवाला एन९५ घेतलाय आणि रोज साबणाने धुवून गॅलरीत वाळत घालतात. त्यात फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकलं की मास्कने ऑक्सिजन कमी होतो, झालं, आता गाडी सुटली की मास्क हनुवटीवर. खरंच होतं का असं? कोरोनाच्या या ओमिक्रॉन प्रकाराने डोक्याला ताप झालाय.

पाचपाखाडी वेस्ट
धुतलेला एन९५ टाकून द्या आधी. त्याच्या आतल्या थरावर स्टॅटिक चार्ज असतो, बारीक कण त्याला चिकटतात, म्हणून तर ०.३ मायक्रॉनचे ९५ टक्के कण अडतात, साबणाने तो चार्जच जातो मग उरतं काय. चारपाच मास्क घ्या, कागदी पिशवीत ठेवून आलटूनपालटून वापरा, इलॅस्टिक सैल झालं की फेका. व्हॉल्व्हमधून आपला श्वास न गाळता बाहेर जातो, म्हणजे बाबा सेफ पण शेजारचा नाही. केंद्राने जुलै २०२० मध्येच राज्यांना पत्र लिहिलेलं की हे वापरू नका.
ऑक्सिजनचं म्हणाल तर ऑक्सिजन काय, कार्बन डायऑक्साइड काय, आरपार जातात. गरम होतं, गुदमरल्यासारखं वाटतं ते खरंय. घरात ऑक्सिमीटर धूळ खात पडला असेल ना, मास्क लावून अर्धा तास बसवा आणि बोटाला लावून दाखवा. दमा वगैरे असेल तर मात्र डॉक्टरला विचारा.

बिनधास्त_कळवा
सगळा धंदा आहे मास्कवाल्यांचा. लावणाऱ्यांनाही झालाच की कोरोना.

वाशी सेक्टर १७
@बिनधास्त झालाच, कोण नाही म्हणतंय. बांगलादेशात ६०० गावांत अभ्यास झाला, निम्म्या गावांत फुकट मास्क वाटले, मागे लागले, तरी वापर १३ वरून ४२ टक्क्यांवरच गेला, आणि सर्जिकल मास्कच्या गावांत लक्षणं असलेला कोरोना ११ टक्के कमी, साठीच्या पुढे ३५ टक्के. कापडीचा तितका स्पष्ट फायदा दिसला नाही हेही खरंच. आकडा छोटा वाटेल पण निम्म्याहून जास्त लोक मास्क न लावता फिरत होते हे लक्षात घ्या.
@ऐरोलीकर बाबांना दाढी आहे का? असेल तर कडेने हवा शिरते, कितीही भारी मास्क आणा.

ऐरोलीकर
आहे. आणि ती काढा म्हणून सांगायची घरात कुणाची टाप नाही 😅 मास्क तेवढे आणतो.