अनुभव: पोरांना विज्ञानाचे व्हिडिओ कोणते लावून देता?

सातरस्ता_आई
परवा गच्चीवर पापड घालताना लेकीनं विचारलं, "आई, दिवसा चंद्र कसा काय दिसतो?" आणि मला १९९५ चं ऐन दिवाळीतलं सूर्यग्रहण आठवलं. आजीनं लोणच्याच्या बरणीवर तुळशीची पानं ठेवलेली, खिडक्या बंद, आणि आम्ही भावंडं शेजारच्यांच्या टीव्हीपुढं. दूरदर्शनवर शास्त्रज्ञ प्रा. यशपाल शांतपणे समजावत होते. तेव्हापासून आकाशाची भीती गेली ती गेलीच.
आता लेकीचा प्रश्न फोनवर शोधला तर वर काय आलं? लाल बाण, वासलेलं तोंड, "चंद्राचं लपवलेलं रहस्य". म्हणून विचारतेय. नुसती चॅनलची नावं नकोत. व्हिडिओ संपल्यावर पोरानं पुढं काय केलं ते लिहा. माझ्या लेखी परीक्षा तीच.

भाकरी_झाल्यावर
टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता. डोळे झाकून. मराठीतही आहेत, एकदोन मिनिटांत संपतात. काडेपेटीतल्या काड्या आणि त्या जोडायला सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, बास. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण हलत नाही. आमचा चिरंजीव दुसऱ्या दिवशी लग्नाला गेला तर जेवण सोडून कार्यालयाच्या पत्र्याखालच्या कैच्या बघत उभा. "सगळे त्रिकोणच आहेत की!"

विजापूरनाका
नळी कुठं मिळते ओ?

भाकरी_झाल्यावर
जुन्या सायकल दुकानात मागा. हातभर घेतली तरी पुष्कळ होते.

लिंबूवाला_बाप
आमच्याकडं लिंबावर मोबाइल चार्ज करणारा व्हिडिओ आला होता. मी बंद नाही केला, म्हटलं करून बघू. तांब्याची तार, जस्ताचा मुलामा दिलेला खिळा, आणि व्होल्ट मोजायला मल्टिमीटर. एका लिंबाला एक व्होल्टसुद्धा भरला नाही. चार लिंबं एकापुढं एक जोडली तेव्हा लाल एलईडी अंधारात मिणमिणला. फोनला पाच व्होल्ट लागतात, आणि करंट तर लिंबाच्या शेकडो पट. पोरगं म्हणालं, "म्हणजे टेबलाखालून वायर लावलीय त्यानं!" आता कुठलाही व्हिडिओ लागला की आधी टेबलाखाली काय असेल ते विचारतो. खोटा व्हिडिओपण शेजारी बसून बघितला तर कामाला येतो, असं माझं ठाम मत झालंय.

गड्डा_प्रेमी
ऐन उन्हाळ्यात चार लिंबं! श्रीमंत माणूस आहात 😄

प्रयोगशाळा
मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून हे कळकळीनं. "घरच्या घरी धूर काढा" असले व्हिडिओ मुलांना एकट्यानं बघू देऊ नका. संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र झालं की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत जीवावर बेतू शकतं. दोन्ही बाटल्या आपल्या घरात शेजारी शेजारी असतात. मी आधी स्वतः शेवटपर्यंत बघते. चष्मा घातलाय का, प्रमाण सांगितलंय का, काय करू नये ते सांगितलंय का? नसेल तर तो व्हिडिओ बाद. लहानांसाठी यूट्यूब किड्समध्ये आपण मंजूर केलेलंच दिसेल अशी सोय आहे, ती लावा. ऑटोप्ले बंद करा.

सातरस्ता_आई
मॅडम, बाटल्या आत्ताच वेगळ्या ठेवल्या. खूप आभार.

पूर्वभाग
थोडं वेगळं लिहायलोय. पुतणी कॉम्प्युटर कसा जन्मला त्याचा व्हिडिओ बघायलती. त्यात १८०४ चा जॅकार्डचा माग दाखवला, भोकांच्या पुठ्ठ्यांची माळ. ती ओरडली, "काका, हे तर आजोबांच्या कारखान्यात हाय की!" हाय की बे! आमची सोलापुरी चादर तशीच विणायचो. भोक असलं की सुई आत जाते, आकडा वर उचलतो, धागा वर. भोक नसलं की सुई मागं सरते, धागा खालीच. फुलाची पाकळी अशी भोकाभोकानं निघते. हीच भोकांची कल्पना इंग्रज गणिती बॅबेजनं त्याच्या गणनयंत्रासाठी घेतली. माग आता बंद, पण वडलांनी पुठ्ठे माळ्यावरून काढले, झटकले, आणि पोरीला एक एक ओळ वाचून दाखवली. घरात तेलुगूतून, मधेच मराठीतून. मी वडलांना इतकं बोलताना बऱ्याच वर्षांनी ऐकलं.

गड्डा_प्रेमी
दादा, डोळ्यात पाणी आलं. जुन्या चादरी अजून आहेत आमच्याकडं, पंधरा वर्षं झाली, रंग तसाच.

विजापूरनाका
पापड कसले घातले ते कुणी विचारलंच नाही. ज्वारीचे का?

सातरस्ता_आई
हो ज्वारीचेच 😊 कृती तुम्हाला वेगळी लिहून पाठवते.

सावली_शोधक
मुलगा बघत होता त्या परदेशी व्हिडिओत सांगितलं की सूर्य कधीच बरोबर डोक्यावर येत नाही. त्यांच्याकडं खरंच येत नाही, दिल्लीतही नाही. पण सोलापूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि परत ऑगस्टच्या सुरुवातीला आपल्याकडं सावली पायाखाली नाहीशी होते. ऑगस्टात ढग असतात, म्हणून मे धरा. वेळ साडेबाराच्या जरा आधी. मुलानं फरशीवर पाण्याचा पाइप उभा केला आणि खडूनं सावलीचं टोक आखत बसला, डोक्याला पंचा गुंडाळून. व्हिडिओ बनवणारा कुठल्या गावचा, हे आता आधी बघतो.

प्रयोगशाळा
आमच्या शाळेच्या पटांगणावर करता येईल हे. पाइप सरळ उभा आहे हे कसं तपासलंत?

सावली_शोधक
गवंड्याचा ओळंबा मागून आणला. दोन बाजूंनी लावून बघायचा. आणि सव्वाबारालाच जाऊन बसा मॅडम, नंतर पटकन सरकते.