'ड्रॉ' आणि आपलं 'काढणे'

इंग्रजी शब्दकोड्यात 'ड्रॉ' या सूचनेचं उत्तर 'टाय' कसं, हा प्रश्न रास्त आहे. सामना बरोबरीत सुटला की दोन्ही शब्द चालतात, म्हणून. तिथे 'ड्रॉ' नाम आहे की क्रियापद, हे सूचनेत कळत नाही, आणि आपण फसतो ते तिथेच.

मी 'ड्रॉ' दिसलं की आधी आपलं 'काढणे' आठवतो. चित्र काढणे, पाणी काढणे, पैसे काढणे, तलवार काढणे, निष्कर्ष काढणे, सगळीकडे इंग्रजीत 'ड्रॉ' चालतं. दात काढणेसुद्धा! एवढी छान जोडी क्वचितच जमते. पण ओढून घेणे, भुरळ पाडणे हे अर्थ 'काढणे'त नाहीत, त्यामुळे 'ल्यूर' (भुरळ पाडणे) हे उत्तर मला हमखास उशिरा सुचतं.

खरी कसोटी सात अक्षरांची. 'अट्रॅक्ट' आणि 'एक्स्ट्रॅक्ट', इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन्ही सात अक्षरी, दोन्हींचे अर्थ 'ड्रॉ', आणि शेवटची पाचही अक्षरं तीच! मूळ एकच, ओढणे या अर्थाचं लॅटिन क्रियापद. एक जवळ ओढतं, दुसरं बाहेर. अशा वेळी पहिली दोन घरं रिकामी ठेवा आणि त्यांना छेदणारे उभे शब्द आधी सोडवा.

गूढ कोड्यात ('क्रिप्टिक', म्हणजे सूचनेतच शब्दखेळ दडलेला असतो ते कोडं) आणखी एक गंमत आहे. 'ड्रॉ बॅक पार्ट ऑफ हॉस्पिटल', चार अक्षरं. इथे 'ड्रॉ'चा अर्थ शोधूच नका. 'बॅक' म्हणजे मागे, म्हणून 'ड्रॉ'चं स्पेलिंग उलटं वाचा: 'वॉर्ड', हॉस्पिटलचाच भाग.